गाळायचं राहिलेलं नाव

माझ्या अंगात मुरलेली शाई आता खरवडूनही निघत नाही, मित्रांनो. मी ओकच्या लाकडाचं एक जुनं छापयंत्र आहे. लंडनच्या एका अरुंद बोळात, जोसाया टॅपली यांच्या छापखान्यात मी बावीस वर्षं राबलो आहे.

कायदा राजालाही लागू आहे, माणसाला बुद्धी मिळाली ती प्रश्न विचारायला, असलं काय काय मी छापत असे. सकाळचं पत्रक दुपारी कॉफीघरात कुणीतरी मोठ्याने वाची आणि लोक टेबलं बडवत. त्या आवाजाने माझी छाती फुलून येई.

एक रीत मात्र मोडायची नसे. मंत्र्यावर टीका करायची, तर त्याचं नाव पुरतं छापायचं नाही. पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर आणि मध्ये लांब रेघ. लॉर्ड वेक्सकम यांचं व्हायचं ‘वे——म’. शेंबड्या पोरालाही कळे कोण ते. पण कोर्टात तेवढीच एक पळवाट राही.

जोसायाची बायको डॉर्कस खेड्यातून आलेली. तिचे वडील प्रार्थनेची पुस्तकं छापत. एक अक्षर गळलं तर देवाचा शब्द बिघडतो, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. कागदाच्या कपट्यांच्या टोपलीत तिची तान्ही हेटी झोपायची. डॉर्कस एका पायाने टोपली हलवी आणि हाताने किरकोळ जाहिरातींसाठी शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवी.

मंत्र्यांवरची पत्रकं नेहमी जुने जुळारी गिडियनच जुळवत, पण त्या दिवशी ते तापाने पडले होते. पार्लमेंटात मतदान व्हायच्या आत पत्रक हवं होतं. डॉर्कस जुळणीला बसली.

“अहो, हे लेखकमहाशय फार घाईत होते वाटतं. जागोजागी अक्षरं खाल्लीत!”

“त्याला जेवायला मिळतंय कुठे? अक्षरंच खाणार!” जोसाया शाई घोटत हसला.

“मी नीट केलंय सगळं. एकदा बघता?”

“तुझी जुळणी आणि मी तपासू? आण इकडे.”

जुळवलेलं पान माझ्यावर ठेवलं, तेव्हा मला कळलं. नऊ ठिकाणी रेघ नव्हती. अख्खं नाव होतं. मी जीव खाऊन कुरकुरलो.

“म्हातारं आज कुरबुर करतंय,” असं म्हणून जोसायाने मला तेल घातलं. मग दांडा ओढला. मित्रांनो, दांडा ओढल्यावर मला थांबता येत नाही. मी छापत गेलो.

तिसऱ्या दिवशी सरकारी शिपाई वॉरंट घेऊन दारात उभा राहिला. त्याने पत्रकातल्या नावावर बोट ठेवलं. जोसायाने ते पत्रक ओढून डॉर्कससमोर धरलं.

“रेघ कुठे गेली?”

“रेघ?” डॉर्कसने हेटीला छातीशी धरलं. “ती मुद्दाम होती? साहेब, नाव मी घातलं हो. यांना काही ठाऊक नव्हतं.”

“बाई, छापखाना नवऱ्याचा, तेव्हा गुन्हाही त्याचाच. सरका.”

“गप्प राहा, डॉर्कस,” जोसाया म्हणाला. “मीच छापलंय.” टोपी घालताना तो तिच्याकडे वळला. “जुळणी मात्र सुरेख होती हं. एकही खिळा वाकडा नाही.”

तुरुंगातल्या तापाने तो सहा आठवड्यांत गेला.

माझा लिलाव झाला, त्या सकाळी डॉर्कस आली. तिने माझ्या दांड्यावर हात ठेवला.

“तुला तरी ठाऊक होतं का रे?” तिने विचारलं.

मला होतं. मी उभाच राहिलो.

आज मी एका गोदामात धूळ खातो आहे, मित्रांनो. पण धूळ झटका असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरी, तुमच्या कामावर कुणी नवं माणूस आलं, तर तुमची रीत त्याला एकदा तोंडाने सांगा. कळेल आपोआप, म्हणून सोडू नका. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.