नऊ इंचांचा रॅम्प

वाचनालयाला तीन पायऱ्या आहेत आणि आत्याच्या व्हीलचेअरला चार चाकं. गेल्या दोन वर्षांत या दोघांचं एकदाही जमलेलं नाही, म्हणून आत्याची पुस्तकं मी आणतो. तिला रहस्यकथा लागतात. मागच्या महिन्यात मी एका कादंबरीचा दुसरा भाग आधी आणला. खून कोणी केला हे तिला पहिल्याच पानावर कळलं.

“मला स्वतः जाऊन निवडायचंय रे गाढवा,” ती म्हणाली. “कपाटासमोर बसायचं, मागची बाजू वाचायची, चार पुस्तकं परत ठेवायची आणि मग एक घ्यायचं. तू मला परत ठेवूच देत नाहीस.”

मी अपंगांच्या सोयींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा सोशल मीडिया सांभाळतो. संस्थेत आम्ही तिघं आहोत: अध्यक्षबाई, मी आणि प्रिंटर. प्रिंटर सगळ्यात जुना.

मी वाचनालयासमोर आत्याचा फोटो काढला. खाली आत्या, दुसऱ्या पायरीवर कुठलंसं मांजर.

“संमतीचा फॉर्म?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“प्रिंटर बंद आहे, मॅडम.”

“मग चेहरा नको. लाभार्थीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.”

मी आत्याला कापलं. तिचं एक चाक उरलं होतं, तेही ‘वैद्यकीय माहिती’ म्हणून गेलं. शेवटी पायऱ्या राहिल्या आणि मांजर राहिलं, कारण मांजरांबाबत संस्थेचं काही धोरण नाही. खाली मी स्वच्छ लिहिलं: ‘व्हीलचेअर वापरणाऱ्या वाचकांसाठी इथे रॅम्प हवा. सही करा.’

दोन दिवसांत चाळीस हजार सह्या आल्या. मी आनंदाने कमेंट वाचायला बसलो.

‘बिचाऱ्याचे पाय किती आखूड आहेत!’

‘असं किती दिवस बाहेर बसवणार त्याला?’

मी प्रत्येकाला उत्तर दिलं की रॅम्प व्हीलचेअरसाठी आहे. त्यावर एकीने लिहिलं, ‘अरे देवा, त्याला व्हीलचेअरपण लागते?’ आणि तिच्याखाली नऊशे जण रडले.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपालांचा फोन आला. “अभिनंदन! मंजूर झाला. मिस्त्री माप घेऊन गेला.”

“कोणाचं माप?”

“अहो, मांजराचं. कोणाचं घेणार?”

रॅम्प नऊ इंच रुंद होता. वर गालिचा होता. मांजराने तो हुंगला आणि दोन उड्यांत पायऱ्या चढून गेलं.

आत्याने तीस वर्षं शिवणकाम केलंय, टेप अजून तिच्या गळ्यात असते. तिने वाकून मोजलं. “नऊ. यात माझी बाहीसुद्धा बसायची नाही.”

“माझं चुकलं, आत्या.”

“माप चुकलंय. उसवायचं आणि परत शिवायचं, रडतोस काय? तो तुझा फॉर्म आण.”

प्रिंटरच्या पाया पडून मी फॉर्म काढला. आत्याने सात पानांवर सह्या केल्या. नव्या फोटोत अख्खी आत्या होती, अख्खी खुर्ची होती, आणि मांजर आपणहून तिच्या मांडीवर येऊन बसलं होतं. मजकूर तोच, फक्त ठळक. आता तरी लोकांना कळेल, असं मला वाटलं.

‘वा! त्याला गाडी मिळाली!’

‘ड्रायव्हरपण आहे, मजा आहे बुवा.’

‘पण ही गाडी नऊ इंचात चढणार कशी? लाज वाटली पाहिजे!’

या वेळी पन्नास हजार सह्या.

“मीडिया,” अध्यक्षबाई म्हणाल्या, त्या मला याच नावाने हाक मारतात, “लोकांना खरं सांगायला हवं.”

“सांगितलंय, मॅडम. दोनदा.”

त्यांनी वार्षिक अहवालाची फाईल उघडली. “मग अहवालात हे यश म्हणून घालायचं का?”

मी प्रिंटरकडे पाहिलं. त्याने एक कोरा कागद बाहेर काढला.

दहा दिवसांनी तीन फुटी रॅम्प झाला. बघायला गर्दी जमली होती. आत्या मांजराला मांडीवर घेऊन, स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत वर गेली. टाळ्या पडल्या. दारात ग्रंथपाल हसत पुढे आले आणि त्यांनी भिंतीवरच्या जुन्या पाटीवर बोट ठेवलं: प्राण्यांना प्रवेश नाही.

“नियम आहे हो,” ते म्हणाले आणि मांजर उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

गर्दी एकमेकांकडे बघू लागली. “मग हा रॅम्प कोणासाठी?” एकाने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी दोनदा देऊन बसलो होतो, एकदा तर ठळक अक्षरांत. तोवर आत्या आत गेलीसुद्धा.

दीड तास मी मांजराला घेऊन पायरीवर बसून होतो. मग आत्या रॅम्पवरून घरंगळत आली. मांडीवर पुस्तक होतं. मुखपृष्ठ पाहून माझा जीवच गेला.

“आत्या, हे तर मीच आणलेलं! तू वाचलंयस. खुनी माळी आहे.”

“माहितीये,” आत्या म्हणाली. “चौदा परत ठेवली, मग हे घेतलं.”