फीत बांधलेलं मशीन

बसा हो, चहा येतोय तोवर एक गोष्ट सांगतो. सरकारी बँकेची आहे, पण झोप नाही यायची तुम्हाला.

आमच्या गल्लीत खोकेवाली वहिनी आहे. नवऱ्यामागे ती आणि तिची धाकटी जाऊ, दोघी मिळून बुटांची खोकी बनवतात. हाताने पुठ्ठा कापून कापून वहिनीचा अंगठा निकामी व्हायला आलेला. तशात बूटवाल्या शेठने मोठं काम दिलं आणि बजावलं, शनिवारी माल आला नाही तर पुढचं काम दुसऱ्याला.

लहान धंदे उभे करायला सरकारने बँक काढलीय ना, तिने वहिनीला कापायचं मशीन दिलं. दिलं हां, खोटं कशाला बोलू. पण मागोमाग बँकेचा टायवाला आला, मशीनभोवती लाल फीत बांधली आणि म्हणाला, मोठे साहेब येऊन कापतील, तोवर बटण दाबायचं नाही.

साहेब सोमवारी येणार होते. मग बुधवारी. बुधवारी म्हणे त्यांची लहान धंद्यांच्या अडचणींवर मीटिंग निघाली. घ्या! अडचण इकडे फीत बांधून उभी, आणि हे तिकडे तिच्या नावाने बिस्किटं खातायत.

वहिनी भित्री. मशीन परत नेतील या धाकाने फितीला हात लावेना. त्याच मशीनला पाठ टेकून हाताने कापत बसायची. शुक्रवारी अंगठा असा सुजला की कात्री धरवेना.

जाऊ म्हणाली, "जाऊबाई, हे मशीन आहे की पाहुणा? नुसतं पुसायचं आणि तोंडाकडे बघत बसायचं!"

वहिनीने फीत सोडली. कापली नाही, गाठ सोडून घडी करून ठेवली. मशीन सुरू झालं ते शनिवारी दुपारपर्यंत थांबलं नाही. शेवटच्या गठ्ठ्याला सुतळी संपली, तर जावेने तीच फीत आवळून बांधली. टेंपो दारात उभा.

नेमके तेव्हाच साहेब उगवले, मागे फोटोवाला. टायवाल्याचं तोंड उतरलं. पुन्हा मशीनला फीत बांधा म्हणाला.

"ती गठ्ठ्याला आहे," वहिनी म्हणाली. "माल जाऊ दे, मग बांधते."

साहेबांना कुठला दम. त्यांनी गठ्ठ्यावरचीच फीत कापली, हसले, फोटो निघाला, आणि खोकी धडाधड रस्त्यावर. साहेब एका खोक्यावर पाय देऊन गाडीत बसले. उचलायला बँकेचं एक बोट पुढे आलं नाही. दोघी जावांनी आणि टेंपोवाल्याने सगळी गोळा केली, चेपलेल्याच्या जागी नवं घातलं आणि शेठकडे माल वेळेत टाकला. काम टिकलं.

तो फोटो आता बँकेत दारासमोरच टांगलाय. साहेब, कात्री, फीत, खाली मोठ्या अक्षरांत 'आम्ही धंदे उभे करतो'. वहिनी खोकी सावरायला वाकलेली, म्हणून कडेला तिचा नुसता कोपर आलाय.

तुमचं जाणं होतं ना तिकडे? मग माझं एवढं काम करा. त्या फोटोपुढे उभे राहा आणि चार माणसांना ऐकू जाईल असं विचारा, हा कोपर कुणाचा?