बारा घरांचं मिनिट

"बारा," सुनंदाच्या पोटावर टेकवलेल्या लाकडी नळीवरून कान उचलत मथुराबाई म्हणाली.

नव्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "बारा? पेट में बच्चे का दिल मिनट में बारा बार? तुम्हें गिनती भी आती है?"

बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात त्या सकाळी सुइणींची परीक्षा होती. राज्य नवं झालं होतं, राजधानीही नवी. नागपूरहून येणारे कागद आता भोपाळहून येत होते आणि कागदांमागोमाग साहेब, बाया सगळं नवंच येत होतं. नापास होईल तिची बाळंतपणाची पेटी काढून घेणार, म्हणजे सुईणपण संपलंच. बहादरपुरात बावीस वर्षं बाळंतपणं केलेल्या मथुराबाईची मान मात्र खाली गेली नाही.

"मिनिटाचे नाही बाई, एका घराचे." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "बारीक काटा या आकड्यावरून त्या आकड्यावर जाते, ते एक घर. अशी घरं बारा. बारा बारे एकशे चव्वेचाळीस. झालं तुमचं मिनिट."

शाळेची पायरी न चढलेल्या बाईचा हिशेब बरोबर निघाला, हे डॉक्टरीणबाईंना काही रुचलं नाही. "तो पूरा मिनट क्यों नहीं गिनती?"

"मिनिट मोठं लांब पडते. लेकरू मधातच दमलं तं कळत नाही."

तेवढ्यात खाटेवरच्या सुनंदाला कळ आली. ती ओसरताच बाईंनी स्वतः नळी लावून मिनिटभर मोजलं. "एक सौ चौबीस. ठीक है."

पुढच्या कळेनंतर मथुराबाईने कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. "आठ... आठ... पुन्हा आठच. बाई, कळ गेली का लेकरू दमते. मंग परत बारा होतात, म्हणून तुमची बेरीज चांगली दिसते."

दुसरी कुणी असती तर तिने सुइणीला गप्प बसवलं असतं. या बाईंनी तसं केलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. तिसऱ्या कळेनंतर त्यांनी काट्याकडे बघत एकेक घर मोजलं आणि लगेच बाळ ओढून काढायचे चिमटे मागवले.

नाळेचे दोन वेढे गळ्यात घेऊन मुलगी बाहेर आली. आधी निळी, मग रडून रडून लालबुंद. मथुराबाईने तिला फडक्यात गुंडाळून सुनंदाच्या कुशीत दिलं.

"अन् माही परीक्षा?" तिने विचारलं.

"हो गई." बाईंनी नळी पुसून तिच्या हातात दिली. "अब उस खाट पर आप सुनिए. घर मैं गिनती हूँ."

मथुराबाईने पदर खोचला आणि पुढच्या खाटेपाशी बसली. डॉक्टरीणबाई घड्याळाखाली उभ्या राहिल्या, काट्यावर नजर ठेवून.