बोदिलचं न सांडलेलं पाणी

मित्रांनो, बोदिलला या सगळ्यातून मिळणार होतं ते एवढंच: विद्यापीठाच्या एका शोधनिबंधाच्या शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आभाराच्या यादीत नाव. तेवढ्यासाठी तिने चार महिने माझ्यावर बोट झिजवलं. मी एक जुना टॅब्लेट आहे. कोपऱ्यात तडा, पाठीवर डेन्मार्कमधल्या ऑर्‍हूसच्या पेन्शनर मंडळाचा शिक्का.

माझ्यात एक खेळ होता. वाटीत हिंदकळणारं पाणी बोटाने उचलायचं आणि झटपट, न सांडता पलीकडच्या खळग्यात न्यायचं. पाणी म्हणजे खरं तर अणू. क्वांटम संगणकासाठी अणू असेच हलवावे लागतात. ते विद्यापीठाच्या यंत्राला नीट जमेना, म्हणून त्यांनी लोकांना खेळायला बसवलं. त्यांना फुकट मजूर मिळाले, मजुरांना करमणूक. दोघंही खूश.

मंडळातला प्रेबेन निवृत्त गणितशिक्षक. तो आधी वहीत आकडेमोड करायचा, मग सांडायचा. बोदिलने तीस वर्षं फेरीबोटीवर कॉफी वाढलेली. ती पाणी सुसाट न्यायची आणि थांबण्याआधी हलकेच मागे झुकवायची. थेंब सांडत नसे.

"हे कुठल्या सूत्राने केलंस गं?" प्रेबेनने विचारलं.

"वादळात कप्तानाची कॉफी घेऊन जा, म्हणजे कळेल."

एका सोमवारी तिचे गुण खेळाच्या गुणतालिकेतून गायब! खेळ चालवणारा तरुण संशोधक विलाड्स मला न्यायलाच आला.

"इतक्या लवकर पोचणं शक्यच नाही, असं यंत्र सांगतंय. हा टॅब्लेट बिघडलाय. भंगारात देतो."

बोदिल माझा चार्जर गुंडाळू लागली. आमच्याकडे 'मी हुशार आहे' म्हणणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर पाय ठेवणं. शेवटी चार महिने तिच्याकडून हरणारा प्रेबेनच उठला.

"अरे शहाण्या, तुझा फोन दे तिला."

पहिल्यांदा सांडलं. विलाड्स हसला.

"फार गुळगुळीत आहे रे हा," म्हणत बोदिलने बोट स्कर्टला पुसलं. दुसऱ्यांदा पाणी पोचलं, तेही आधीच्या विक्रमाहून लवकर. विलाड्सने स्वतःचा फोन उलटासुलटा करून बिघाड शोधला.

"माझंच चुकलं," तो पुटपुटला.

"मंडळात तेवीस माणसं आहेत," प्रेबेन म्हणाला. "केक मोठा आण."

आमच्या इथे चूक करणाऱ्याची सुटका नुसत्या माफीने होत नाही. सगळ्यांना केक खिलवावा लागतो.

मित्रांनो, न पटणारा आकडा दिसला की वस्तूला भंगार ठरवू नका. आधी ती चालवणाऱ्या हाताची चौकशी करा. आम्हाला तोंड नसतं, आणि काही माणसं ते असून उघडत नाहीत.

तर हिशेब असा. बोदिलला नाव मिळालं, यंत्राला नवी चाल मिळाली, मला टेबलावरची जागा परत मिळाली. विलाड्सने केक स्वतः भाजला आणि चांगलाच करपवला. त्यामुळे चूक त्याची असली, तरी भरपाई तेवीस पेन्शनरांनी केली. आणि वर हसतमुखाने दुसरा तुकडाही मागितला.