दारातलं वल्हं

गावात जन्म काढलेल्या माणसानं गाव बघायला निघावं, हे पेर्पेतुआला काही पटत नव्हतं. पण जेरार्ड हट्टाला पेटला होता.

"पप्पा उद्या पहाटे निघणार, तिया. पुन्हा मलाका कधी दिसणार त्यांना? एकदा डोळे भरून बघू दे की. तुम्हीही चला."

जेरार्ड हा एलुतेरियोचा मुलगा. पर्थला राहायचा आणि म्हाताऱ्या बापाला कायमचं न्यायला आला होता. पेर्पेतुआ त्याची सख्खी मावशी नव्हे, पण मलाक्यातल्या जुन्या पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्तांव वस्तीत पिकल्या केसांची प्रत्येक बाई तियाच.

"गाव काय पळून चाललंय?" ती म्हणाली खरी, पण आत जाऊन तिनं ठेवणीतला निळा झगा काढला. एकाहत्तर वर्षांची बाई आरशापुढे जरा जास्तच वेळ उभी राहिली. आज तिला एक उत्तर द्यायचं होतं. बावन्न वर्षं राहून गेलेलं.

धाकट्या बहिणीच्या लग्नातली गोष्ट. व्हायोलिन आणि डफ लागला, की वस्तीत सवाल-जवाब रंगायचे. पुरुषानं कवन टाकायचं, आणि व्हायोलिनचा एक फेरा संपायच्या आत बाईनं ते परतवायचं. पेर्पेतुआच्या जिभेपुढे कुणी टिकत नसे. त्या दिवशी जवळा पकडणाऱ्या लाझारूंचा एलुतेरियो भर मांडवात तिच्यासमोर उभा राहिला आणि गायला,

भरतीचं पाणी ओटीला आलं,
होडीचं तोंड घराला झालं.
वल्हं मी टेकलं तुझिया दारी,
ठेवू का उचलू, सांग गं पोरी.

सगळा मांडव हसला आणि मग गप्प झाला. कारण ही थट्टा नव्हती. पेर्पेतुआची जीभ टाळ्याला चिकटली. व्हायोलिनचा एक फेरा संपला, दुसरा संपला. ज्याचं उत्तर आलं नाही ते कवन उघडं राहतं, असं वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणत. उघड्या दारासारखं, आत कुणी येत नाही आणि कडीही लागत नाही.

रात्रीत तिला उत्तर सुचलं. येत्या रविवारी चर्चनंतर गाऊ, म्हणून तिनं ते पदराआड ठेवलं. रविवार आला तेव्हा एलुतेरियो सिंगापुरात मालाच्या बोटीवर चढला होता. तिची चुप्पी म्हणजे नकार, असं त्यानं धरलं. तीन वर्षांनी परतला तो बायको घेऊन. पेर्पेतुआनं लग्न केलं नाही. जवळा वाळवला, कुटला, भावाची पोरं वाढवली.

पुढे पर्यटकांच्या बसेस येऊ लागल्या. वस्तीतल्या चौकात दर शनिवारी नाच-गाणं ठरलं आणि नाचवाल्यांनी या दोघांची जोडी लावली. सात कवनं त्याची, सात तिची. सगळी चिडवाचिडवीची, सगळी पाठ. तीस वर्षं शब्द बदलला नाही. त्याची बायको जाऊन आठ वर्षं झाली, तरीही नाही. दोन वर्षांपासून तर तो बोलायचाही कमी झाला होता. हाक मारली तर आपल्याच तंद्रीत पुढे जायचा.

लाल चौकात गाडी थांबली. लाल चर्च, लाल घड्याळ, आणि बाहुल्यांनी मढवलेल्या सायकलरिक्षा, एकीचं गाणं दुसरीच्या गाण्यात घुसलेलं.

"बघ तेरी," ती एलुतेरियोला म्हणाली, "इथंच तू फुगेवाल्याचा दोरा कापला होतास. मार मी खाल्ला."

एलुतेरियो रिक्षांकडे बघत राहिला.

"एवढ्या गोंगाटात काय ऐकू जाणार," ती स्वतःशीच म्हणाली.

जुन्या किल्ल्याचा उरलेला एकुलता एक दरवाजा. त्याच्या पायाशी एके काळी लाटा आपटत; आता बसेस उभ्या होत्या. तिघं टेकडी चढले. वर छप्पर नसलेलं जुनं चर्च, भिंतीला टेकवून ठेवलेले माणसाएवढे थडग्यांचे दगड. जेरार्ड फोटो काढत लांब गेला. वारा पडला होता. माणूसही नव्हतं. पेर्पेतुआनं दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली.

"तेरी, तू नाही गेलास तर?"

तो समुद्राकडे बघत होता. खरं म्हणजे समुद्र होता तिथे. भराव टाकून टाकून पाणी पार लांब गेलं होतं.

"तेरी. राहतोस का रे?"

त्यानं मान वळवली, तिच्याकडे पाहिलं आणि हसला. "हो, हो. ऊन फार झालं. खाली चेंडोल खाऊ."

टाळतोय, ती मनात म्हणाली. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की चूक आपलीच. गाण्यात विचारलेल्याचं उत्तर बोलण्यात देतात होय? गाण्यात विचारलं, गाण्यातच द्यायचं. आज संध्याकाळी तो शेवटचा उभा राहणार होता.

खाली येऊन बर्फ घातलेला ताडगुळाचा चेंडोल त्यानं चाटूनपुसून खाल्ला. तिचा वाडग्यातच वितळला.

उन्हं कलली तसा वस्तीतला चौक भरला. दोनशेक माणसं, कुणाच्या पुढ्यात भाजलेला मासा, कुणाच्या हातात मोबाइल. चौकाच्या मागे पूर्वी उथळ पाणी होतं. एलुतेरियो कमरेइतक्या पाण्यात जाळं ढकलत तिथून चालत यायचा. आता तिथे भरावावर वीस मजल्यांचं हॉटेल उभं होतं आणि त्याची सावली चौकावर पडली होती.

पोरींचा नाच झाला. त्यांना पोशाख येत होता, पावलं येत होती. वस्तीची भाषा येत नव्हती. मग या दोघांना पुढे बोलावलं.

"काय गं पेता, दात आणलेस का?" एलुतेरियो नेहमीसारखं म्हणाला.

"तुझे मोज आधी."

तो हसला आणि डफवाल्याकडे वळला. पहिलं कवन, दुसरं, तिसरं. तो तिला जवळ्याची टोपली म्हणाला, ती त्याला लंगडा खेकडा म्हणाली. लोक हसायचे ते त्यांच्या हातवाऱ्यांना.

चौथं कवन टाकून एलुतेरियो थांबला. आता तिचं खेकड्याच्या बिळाचं कवन यायचं. व्हायोलिनवाल्यानं फेरा धरला, आणि पेर्पेतुआ गायली,

ओहोटी लागली, उघडा तळ,
हातात राहिलं चिमटीचं बळ.
दारीचं वल्हं मी हलवलं नाही,
उचलू नको रे, वाट मी पाही.

कर्णे मोठे होते. एकेक शब्द हॉटेलच्या भिंतीवर आपटून परत आला. आपल्या आवाजाला एवढं कोवळेपण अजून आहे, हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं डोळे उघडले.

एलुतेरियो तिच्या ओठांकडे बघत होता. ओठ थांबले. त्यानं डफवाल्याच्या हाताकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवला, आणि नाक मुरडून नेहमीचं पाचवं कवन सुरू केलं,

जवळ्याचं लोणचं, मिरचीचा ठसका,
पोरीच्या बोलाचा केवढा हिसका!
सात गावचे नवरे आले,
दारातूनच माघारी गेले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पेर्पेतुआनं पुढची कवनं म्हटली. कशी म्हटली ते तिला आठवत नाही.

लोक बसकडे निघाले तेव्हा ती खुर्च्यांच्या ओळीत बसून होती. जेरार्ड पाण्याची बाटली घेऊन आला.

"तिया, आज मधेच काही नवीन गायलात का? व्हायोलिनवाला गोंधळला म्हणाला. मला तर आपली भाषा कळतच नाही."

"तुझ्या बापाला विचार."

"पप्पांना काय विचारू? त्यांना ऐकू कुठे येतं!"

तिनं वर पाहिलं.

"तुम्हाला माहीत नाही? दोन वर्षं झाली. अगदी ठार. तुमचे ओठ थांबले, की डफवाल्याच्या हातावर ठेका बघतात आणि सुरू करतात. कुणाला सांगू नको म्हणाले. म्हणाले, पेताला कळलं तर ती गायची थांबेल. म्हणेल, ऐकणाराच नाही तर गाऊ कुणासाठी."

हॉटेलच्या खिडक्यांवर शेवटचं ऊन होतं. दोनशे माणसं, चार कर्णे, आणि ते कवन एकाही कानात शिरलं नव्हतं.

"काही सांगायचं होतं का त्यांना?" जेरार्डनं खिशातून मोबाइल काढला. "मी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो. तसंच करतो आम्ही."

पेर्पेतुआ त्या उजळ पाटीकडे बघत राहिली. ओहोटी, वल्हं, दार. हे सगळं इंग्रजीत करून या पोराच्या हाती द्यायचं, ज्याची आई टेकडीखालच्या दफनभूमीत आठ वर्षं झोपली आहे.

"लिही," ती म्हणाली. "प्रवास सुखाचा होवो."

एलुतेरियो गाडीत बसला होता; पहाटेच्या विमानासाठी रात्रीच निघायचं होतं. जेरार्डनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्यानं वाचलं, मान हलवली, आणि काचेतून हात बाहेर काढून तिचा हात धरला. जाळ्याच्या दोऱ्यांनी पडलेले घट्टे अजून तसेच होते.

"पेता," तो ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा मोठ्यानं म्हणाला, "माझं एक कवन उघडंच राहिलं बघ तुझ्याकडे. तुझ्या बहिणीच्या लग्नातलं. आठवतं?"

तिनं मान डोलावली.

"राहू दे आता. म्हातारपणी काय त्याचं!"

जेरार्डनं गाडी सुरू केली. पेर्पेतुआ खिडकीत वाकली. हात न सोडता तिनं पुन्हा ते म्हटलं, गाऊन नाही, सुरावाचून, एकेक शब्द त्याच्या तोंडापुढे ठेवत. ओहोटी लागली, उघडा तळ. तो टक लावून तिच्या ओठांकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. वाट मी पाही, ती म्हणाली, आणि तिचे ओठ थांबले.

आणि तिचे ओठ थांबले म्हणून एलुतेरियोनं नाक मुरडलं, बोटांनी गाडीच्या दारावर ठेका धरला, आणि हसत हसत गायला,

सात गावचे नवरे आले,
दारातूनच माघारी गेले.

गाडी हलली. त्याचा हात तिच्या हातातून सुटला, वळणापर्यंत खिडकीबाहेर ठेका धरत राहिला.