तिसऱ्या मजल्याचं दार

१९०९ साली ओहायोतल्या आमच्या गावात मोज्यांची एकच गिरणी होती. तिचे मालक थॅडियस क्रॉवेल यांचं चर्चमधलं पहिलं बाक ठरलेलं. मी, लेटी प्यू, गिरणीत तिसऱ्या मजल्यावर यंत्र चालवायचे. काम सुरू झालं की मुकादम जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचा. बायका उगाच बाहेर रेंगाळतात, म्हणे.

मार्चमध्ये तेलकट चिंध्यांनी पेट घेतला. आग आम्हीच बादल्यांनी विझवली, पण तोवर धूर कोंडला होता. चाळीस जणी दार बडवत होतो आणि किल्ली खाली कचेरीत. माझ्या शेजारची डेलिया आठव्या दिवशी गेली.

तिला माती दिल्यावर आमचे पाळक, रेव्हरंड पेनहॅलो, यांनी मला थांबवून सगळं विचारलं. मग म्हणाले, "रविवारी हे व्यासपीठावरून सांगशील?"

"मी? जीभ टाळ्याला चिकटेल हो माझी!"

"चिकटू दे. पाण्याचा पेला ठेवतो."

ही कुणकुण लागून चर्चचा कारभार बघणारे डीकन बिगेलो शनिवारी तावातावाने पाळकांच्या घरी आले. मी तिथेच होते.

"पाळकसाहेब, तुम्ही आत्म्यांचं बघा. गिरणीचं मालक बघतील."

"आत्मे तिसऱ्या मजल्यावर कोंडलेत, डीकन. त्यांना स्वर्गाची वाट दाखवायची, तर आधी जिन्याची नको का?"

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

रविवारी पाळकांनी उपदेश दोन वाक्यांत संपवला. माणूस एकटाच पाप करत नाही, गिरणीही पाप करते, आणि पश्चात्ताप तिनेही करायला हवा, एवढंच म्हणून ते बाजूला झाले. मी वर चढले. धूर सांगितला, दार सांगितलं, डेलियाच्या सोललेल्या मुठी सांगितल्या. पाण्याला हात लावायचंही सुचलं नाही.

क्रॉवेलसाहेब टोपी उचलून उठले. त्यांच्या पत्नी यूडोराबाई जागच्या हलल्या नाहीत.

"थॅडियस, दाराला कुलूप होतं?"

"घरी बोलू."

"इथेच सांगा. होतं की नाही?"

सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं. ते टोपी डोक्यावर ठेवून निघून गेले. बाई बसून राहिल्या, शेवटच्या प्रार्थनेपर्यंत.

सोमवारी मला कामावरून काढलं. जूनमध्ये पाळकांना. पण त्या रविवारनंतरच्या बुधवारीच यूडोराबाई स्वतः जिना चढून गेल्या आणि मुकादमाकडून कुलूप मागून घेतलं. पुन्हा ते लागलं नाही.

पाळक आता न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत उपासना घेतात. खुर्च्या कमी पडतात, माणसं उभी राहतात. मी लोकांचे कपडे धुते आणि संध्याकाळी बायकांना दिवसाला दहा तासांहून जास्त राबवू नये, अशा कायद्यासाठी दारोदार सह्या गोळा करते. परवा डीकन बिगेलोंनी माझ्या तोंडावर दार आपटलं. मंगळवारी पुन्हा जाणार आहे.