हलवलेला कंस

चुनीलाल शेठच्या नंदुरबारच्या कारखान्यात मिरची वाळवायचं यंत्र ज्या प्रोग्रामवर चालायचं, तो उमाकांत सरांनी पंधरा वर्षांपूर्वी लिस्प नावाच्या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेला. लिस्पमध्ये कंसाशिवाय पान हलत नाही. ओळीच्या शेवटी सहा-सहा बंद कंस, आणि सर ते नुसत्या नजरेनं मोजायचे. हाताखाली आलेली धडगावची रविना मात्र प्रोग्राम लिहायच्या एडिटरमधली एक सोय वापरायची. कंस उघडला की त्याचा जोडीदार आपोआप यायचा, एकटा कंस पुसू म्हटलं तर पुसूच द्यायचा नाही, आणि अख्खी आज्ञा कंसांसकट उचलून हलवता यायची. सर त्याला पांगुळगाडा म्हणायचे.

खरी गोष्ट अशी, की वर्षभरापासून सरांना सहा कंसांच्या जागी एक धूसर ठिपका दिसत होता. मोतीबिंदू, दुसरं काय! पण सांगणार कुणाला? चोपन्नाव्या वर्षी नोकरी गेली, तर नंदुरबारात लिस्पवाल्याला कोण विचारतो?

सोमवारी रविना जेवायला गेली आणि सर तिच्याच कॉम्प्युटरवर बसले, कारण तिचा स्क्रीन मोठा. एक कंस हलवायचा होता. एडिटर काही केल्या ऐकेना. सर चिडले, ती सोयच बंद केली, कंस पुसला आणि अंदाजानं पुढे टाकला. संख्या जुळली, प्रोग्राम चालला. पण ‘तापमान वाढलं की बर्नर बंद कर’ ही आज्ञा ‘पंखा चालू असेल तर’ या अटीच्या पोटात जाऊन बसली. मंगळवारी पंखा बंद पडला, बर्नर पेटलेलाच राहिला आणि खोलीभर मिरची कोळसा झाली.

शेठ येऊन उभे राहिले. “हाई कोनी करं?”

बदल तिच्या कॉम्प्युटरवरून झालेला, म्हणून नोंदीत नाव रविनाचं. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे याच आठवड्यात ठरणार होतं. सोय कुणी बंद केली ते तिला सकाळीच कळलं होतं, तरी तिनं सरांचं नाव घेतलं नाही. सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मन्ही चूक शे, शेठ,” ते म्हणाले. “माले कंस दिखत नहीत. वरीस व्हई गयं.”

शेठ म्हणाले, “आजपासून प्रोग्राम रविना पाही. तुम्ही पहिले डॉक्टरले डोया दखाडा.”

ते गेल्यावर रविनानं शेजारी खुर्ची ओढली. “बसा, सर.” तिनं एक कळ दाबली, आणि अख्खी आज्ञा पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत पिवळी झाली. वर्षभरात पहिल्यांदा सरांना आपला प्रोग्राम स्वच्छ दिसला, आणि आता तो रविनाचा होता.